पहिल्या धारेचा हिशेब

दिवाळी अंकात दारूवर लिहू नये, एवढा शिष्टाचार मलाही ठाऊक आहे. संपादकांनी पत्र पाठवून 'माळव्यातल्या मराठी माणसांविषयी काहीतरी खुसखुशीत' मागितले होते. धारच्या पवारांची गादी, देवासची थोरली पाती नि धाकटी पाती, कुमार गंधर्वांचे भानुकुल, आमच्या पुरणपोळीशेजारी पंगतीत येऊन बसलेले दालबाफले, असा ऐवज माझ्यापाशी भरपूर आहे आणि तो मी दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या अंकाला पुरवत आलो आहे. या वर्षी तो मिळणार नाही. या वर्षी मला भांडायचे आहे. भांडण ज्यांच्याशी आहे ती माणसे बहुतेक हेच अंक वाचतात, आणि त्यांत मी स्वतःही आहे, म्हणून ते इथेच मांडतो.

गेल्या डिसेंबरात माझा पुतण्या जपानहून आला. तिकडे तोक्योत नोकरीला असतो. येताना त्याने काकासाठी एक बाटली आणली. मी मधुमेही, डॉक्टरांनी चहातली साखरही काढून घेतलेली. पण पोराने हौसेने आणलेली वस्तू नको कशी म्हणायची? दुसऱ्या दिवशी सगळे मिळून मांडवगडला निघालो. बाटली गाडीच्या डिकीत, टॉवेलात गुंडाळून. संध्याकाळी तलावाकाठी बसून उघडायची असा बेत.

धारहून मांडवला जाताना वाटेत नालछा लागते. आज चहाचा थांबा म्हणून लोक ओळखतात. पण एके काळी याच नालछ्यात सर जॉन माल्कमने एका जुन्या पडक्या महालाची डागडुजी करून आपला मुक्काम ठेवला होता. माळव्याची जी हकीकत त्याने १८२३ साली इंग्रजीत छापली, तिच्यातला बराच माळवा त्याने या टापूतून पाहिलेला आहे. मी इथे सात वर्षे मास्तर होतो. तेव्हा चहासाठी गाडी थांबवली ती ओळखीच्या जागी.

रस्त्याच्या पलीकडे एका खात्याची जीप उभी होती. खात्याचे नाव लिहीत नाही. नाव कुठलेही घाला, फरक पडत नाही. दोन माणसे एका भिलाला बाईच्या पुढ्यातला प्लास्टिकचा कॅन उचलून गटारात रिकामा करत होती. कॅन मोठा नव्हता. शेजारी दोन मडकी होती, ती लाथेने फुटली. मोहाचा तो आंबूस-गोड दर्प रस्ताभर पसरला. तिसरा साहेब गाडीला टेकून आमच्याकडे पाहून हसला, आपल्यासारखी माणसे आपल्याकडे पाहून हसतात तसा. म्हणाला, "क्या करें साहब, इन लोगों की आदत है."

पुतण्याने विचारले, "काका, काय चाललंय हे?"

मी म्हटले, "चल, उशीर होतोय."

गाडीत बसताना बाईने मला ओळखले. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाली, "माट्साब, तम भी कई नी बोल्या?" मास्तर, तुम्हीसुद्धा काही बोलला नाहीत?

डिकीत बाटली होती.

*

ती बाटली संध्याकाळी उघडली. घरच्या सगळ्यांनी घोट घोट घेतला. मी दोन. पाण्याच्या रंगाला जेमतेम पिवळी झाक, लिंबाच्या सालीसारखा वास, चव हलकी, किंचित तुरट. अंगणात मोहफूल वाळत घातले तर नाकाला पदर लावणाऱ्या आमच्या वहिनी म्हणाल्या, "कित्ती सौम्य आहे हो!" पुतण्या खूष झाला आणि त्याने त्या बाटलीची कुळकथा सांगायला सुरुवात केली. पुढे मीही ती वाचून काढली. ती वाचकांनी ऐकण्यासारखी आहे, कारण माझ्या सगळ्या भांडणाचे मूळ तिच्यात आहे.

फुजी पर्वताच्या उत्तरेला यामानाशी नावाचा प्रांत आहे. तिथल्या कात्सुनुमा गावच्या आसपास 'कोशू' नावाचे द्राक्ष पिकते. साल फिकट गुलाबी-राखाडी, रस पांढरा. आपल्याकडे असतो तसाच मांडव घालून वेल त्यावर पसरवतात. पावसाळी मुलूख, म्हणून घडाघडावर कागदाच्या टोप्या घालतात. एका एका घडावर, हाताने. हे द्राक्ष 'देशी' म्हणून मिरवते, पण ते मूळचे तिथले नाही. मध्य आशियाकडून चीनमार्गे कधीतरी शेकडो वर्षांपूर्वी तिथे पोचले. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याची वंशावळ तपासली, तेव्हा त्यात बराचसा युरोपीय द्राक्षाचा आणि थोडा चिनी रानवेलाचा अंश निघाला. मांडवच्या खुरासानी चिंचेसारखेच म्हणा ना! आफ्रिकेतून आलेले झाड, आज मांडवची ओळख होऊन बसले आहे. देशी म्हणजे मूळ कुठले, यापेक्षा कुणी जपले, हा प्रश्न मोठा असतो.

१८७७ साली यामानाशीतून दोन तरुणांना वाईन शिकायला फ्रान्सला पाठवण्यात आले. ते परत आले आणि गावातल्या द्राक्षांची वाईन होऊ लागली. पण मान काही मिळाला नाही. कोशूची वाईन पांचट, खायची द्राक्षे उरली की त्यांचे काहीतरी करायचे म्हणून केलेली, असे जपानी लोकच म्हणत. खरी वाईन फ्रेंच द्राक्षांची. तिथेही आपल्यासारखेच शहाणे होते तर! तरी काही घराण्यांनी नाद सोडला नाही. मिसावा कुटुंबाची ग्रेस वाईन १९२३ सालची. पिढ्यांमागून पिढ्या तेच काम. २०१० मध्ये द्राक्षे व वाईन यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत कोशूचे नाव नोंदले गेले. २०१३ मध्ये यामानाशीच्या वाईनला स्थाननामाचे संरक्षण मिळाले. २०१४ मध्ये याच मिसावांच्या कोशूने लंडनच्या डिकँटर स्पर्धेत सुवर्णपदक घेतले. आणि ३० ऑक्टोबर २०१८ पासून तिथे असा नियम आहे की जपानात पिकलेल्या द्राक्षांची, जपानातच केलेली असेल तरच तिला 'जपानी वाईन' म्हणता येते. बाहेरचा रस आणून इथे बाटलीत भरला, तर ते नाव लावता येत नाही.

पुतण्या हे सांगत होता आणि घरातले सगळे माना डोलावत होते. "याला म्हणतात स्वाभिमान!" असे आमचे थोरले बंधू म्हणाले. चार तासांपूर्वी नालछ्यात गटारात गेलेल्या कॅनची आठवण कुणीही काढली नाही. मीही नाही.

*

आता भांडण.

आपण महाराष्ट्रीय लोक वाईन करतो. नाशिक आणि सांगलीकडे चांगली करतो, जगात जाते, त्याचा मला आनंदच आहे. त्यासाठी २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, उत्पादन शुल्क माफ केले, विंचूरला आणि पलूसला वाईन पार्क काढले. का? तर शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळावा. रास्त आहे. पण त्या बाटल्यांवरची नावे वाचा. शेनिन ब्लां, सोव्हिन्यो ब्लां, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यो. सगळी फ्रेंच पाहुणी. पाहुण्यांना पाट-पाणी द्यायला माझी ना नाही. पण घरचा पोर दारात उभा, आणि त्याच्यावर खटला?

जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाईन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. गदारोळ झाला. त्या गदारोळात 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असे जाहीरपणे सांगितले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणखी एक निर्णय झाला, त्याच्यावर मात्र फारसे कुणी बोलले नाही. काजूबोंडे, मोहफुले यांच्यापासून गाळलेल्या दारूला मान मिळावा म्हणून तिला 'विदेशी मद्या'च्या वर्गात घालायचे ठरले. हेतू चांगला होता, कबूल. पण शब्द पाहा! सातपुड्यात उगवलेल्या झाडाचे फूल, सातपुड्यातल्या बाईने वेचलेले, सातपुड्यातल्या मडक्यात आंबवलेले. त्याला इज्जत द्यायची तर आपल्या सरकारी भाषेत एकच जागा शिल्लक होती आणि ती होती 'विदेशी'. देशी म्हणजे हलके, हा अर्थ आपण कायद्यातच लिहून ठेवला आहे. जपान्यांनी आपल्या द्राक्षाला जगाच्या यादीत जपानी नावाने नेऊन बसवले. आम्ही आमच्या फुलाला परदेशी पासपोर्ट काढून देतो.

कुणी म्हणेल, मास्तर, तुलना चुकते. कोशू ही वाईन. आंबवलेली, बारा टक्क्यांच्या आसपासची. मोहाची असते गाळीव, जहाल. बरोबर. मग गाळीवाशी गाळीव ताडून पाहू. गोव्याची काजूची फेणी गाळीवच. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले. २००९ साली फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हणून मान दिला. आणि नालछ्याच्या रस्त्यावरच्या परवानाधारक दुकानात जी व्हिस्की मिळते, ती काय उसाचा रस आहे? तिच्यात आणि त्या बाईच्या कॅनमध्ये फरक एकच. व्हिस्कीच्या पाठीमागे ठेकेदार आहे, कॅनच्या पाठीमागे बाई.

*

हा फरक आकाशातून पडला नाही. तो साहेबाने पाडला आणि आपण जपला.

मोहाचे झाड भिलांच्या घरात माणसासारखे वाटले जाते. अमुक झाडे थोरल्याची, अमुक धाकट्याची. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पहाटे फुले गळतात; मऊ, पाणीदार, पिवळट पांढरी. बायका-पोरे अंधारात टोपल्या घेऊन जातात. वाळवलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते, म्हणून अडचणीच्या महिन्यांत तीच भाकरी होते, तीच भाजी होते. टोळंबीचे तेल निघते. उरलेले फूल पाण्यात भिजवून चार-सहा दिवस आंबवायचे, मग मडक्यावर मडके ठेवून, बांबूची नळी लावून, वरच्या मडक्याला गार पाण्याने थंड ठेवत गाळायचे. पहिली जी धार पडते ती सर्वांत कडक. मराठीत 'पहिल्या धारेची' हा शब्द आपण विनोदाला वापरतो. भिलाच्या घरी पहिली धार माणूस पीत नाही. ती जमिनीवर पडते, पूर्वजांसाठी आणि देवासाठी. जन्म, लग्न, मरण, यांतले काहीही त्या धारेवाचून होत नाही.

इंग्रजाला त्या झाडात महसूल दिसला. १८७८चा मुंबई आबकारी कायदा आला, गावोगावच्या भट्ट्या बंद करून मोठ्या भट्ट्यांना आणि ठेकेदारांना मक्ते दिले गेले. तेवढ्याने भागेना, तेव्हा १८९२ साली ठाणे-कुलाब्याकडे मोहफुलावरच कायदा केला. झाड तुमच्या बांधावर, पण त्याचे फूल घरात साठवाल तर गुन्हेगार! आमच्या संस्थानी मुलखात साहेबाचेच पाहून आबकारीचे मक्ते झाले, आणि ते मक्ते मोजून घेणारे कारकून कोण होते? आडनावे वाचली तर माझ्यासारखीच निघतील. माझ्या पणजोबांच्या दप्तरात आबकारीच्या वसुलीचा एक चोपडा होता. लहानपणी आम्ही त्याच्या कोऱ्या पानांवर चित्रे काढत असू. त्या चोपड्यातली रक्कम कुणाच्या मडक्यातून आली, हे विचारायला मला सत्तरी उलटावी लागली.

आणि जपान? तिथेही हेच झाले, हे मी लपवणार नाही. १८९९ साली जपानी सरकारने घरी दारू गाळण्या-आंबवण्यावर सरसकट बंदी घातली. कारण नीतीचे नव्हते. मद्यकर हा त्या काळी सरकारी तिजोरीचा सर्वांत मोठा खांब होता. खेड्यापाड्यांत घरोघर होणारी 'दोबुरोकू' नावाची तांदळाची आंबील बेकायदा ठरली, धाडी पडल्या, माणसे पकडली गेली. पण २००३ साली त्यांनी खास क्षेत्रे ठरवून, आपल्याच शेतातल्या तांदळाची दोबुरोकू करून पाहुण्यांना द्यायची परवानगी शेतकऱ्यांना दिली. शंभर वर्षे लागली, पण चूक मान्य केली. आमचे शतक केव्हाच उलटून गेले.

महाराष्ट्रात मोहफूल वेचण्या-साठवण्या-नेण्यावरची जुनी बंधने उठवायला २०२१ साल उजाडले. मध्य प्रदेशात अजून १९१५चा आबकारी कायदा चालतो. आदिवासीने स्वतःच्या घरापुरती, ठराविक मर्यादेत दारू गाळली तर ती चालते. पण विकली की गुन्हा. म्हणजे प्यायला हरकत नाही, कमवायला हरकत आहे. आदिवासीने पिऊन पडावे हे कायद्याला चालते, त्याच्या बाईने चार पैसे मिळवावेत हे चालत नाही. याला दारूबंदी म्हणत असाल तर म्हणा. मी याला मक्तेदारी म्हणतो.

*

आता माझ्या विरुद्ध जे बोलले जाईल, ते मीच बोलतो. कारण ते खोटे नाही.

दारूने घरे बुडतात. १९७३च्या सुमारास मी धुळ्याला कॉलेजात होतो आणि सुट्टीत शहाद्याला जाऊन श्रमिक संघटनेच्या शिबिरांत बसत असे. तिथल्या भिल्ल बायकांनी दारूची मडकी फोडलेली मी पाहिली आहेत. पिऊन मारणाऱ्या नवऱ्यांना त्यांनी चव्हाट्यावर आणले. त्याआधी, १९२२-२३ साली, देवीच्या चळवळीत पालघरच्या किनाऱ्यापासून खानदेश आणि दक्षिण गुजरातपर्यंतच्या आदिवासींनी दारू-ताडी सोडली. तिसाच्या दशकाच्या अखेरीस मोरवडच्या गुलाम महाराजांच्या आरतीला तळोद्याकडे हजारो भिल्ल जमत आणि दारू न पिण्याची शपथ घेत. हा इतिहास तुमच्या जिल्ह्याचा आहे, मी तुम्हाला काय सांगणार? गडचिरोलीची १९९३ची दारूबंदी लोकांच्या मागणीतून आली, हेही मी मानतो. आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले की कितीही थोडे मद्य घेतले तरी ते सुरक्षित म्हणता येत नाही. हे कोशूला लागू आहे, शेनिनला लागू आहे, मोहालाही लागू आहे. तिघांनाही सारखे लागू आहे, एवढेच माझे म्हणणे.

पण शहाद्याच्या बाईने मडके फोडले तेव्हा ते तिच्या घरातले होते. फोडायचे की ठेवायचे, हे तिने ठरवले. देवीच्या भक्तांनी दारू सोडली तेव्हा दारूच्या मक्तेदाराचा धंदा बसला. ते बंड होते. बाहेरचा माणूस जीपमधून येऊन तेच मडके लाथेने फोडतो, तेव्हा त्याच कृतीचा अर्थ उलटा होतो. हा फरक मला शहाद्याने शिकवला होता आणि मी तो विसरलो. कसा विसरलो ते सांगतो.

नालछ्याला मास्तर असताना आम्ही एकदा व्यसनमुक्तीची प्रभातफेरी काढली. पोरांच्या हातात पाट्या, पुढे बँड, सोबतीला दोन शिपाई. उत्साहाच्या भरात आम्ही एका घरापुढे थांबलो. शिपायांनी आत जाऊन मडकी बाहेर आणली आणि माझ्या विद्यार्थ्यांनी, माझ्या देखत, माझ्या शाबासकीने, ती फोडली. ते घर माझ्याच वर्गातल्या एका मुलीचे होते. ती फेरीत होती. तिच्या हातातही पाटी होती. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. महिनाभर वाट पाहिली आणि नियमाप्रमाणे हजेरीपटावरून नाव कमी केले. तांबड्या शाईची ती रेघ माझ्या हातची आहे. जिल्हा कार्यालयातून त्या फेरीबद्दल प्रशंसापत्र आले, ते माझ्या फायलीत आहे. मुलगी कुठे गेली, ते कुठल्याच फायलीत नाही.

तेव्हा डिसेंबरात त्या बाईने जे विचारले, ते मला नवे नव्हते. मी त्या दिवशी गप्प राहिलो, त्याआधी मी शाबासकी दिली होती. दोन्हींत मोठा गुन्हा कोणता, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दुसरा आक्षेप विषारी दारूचा. लोक मरतात. मरतातच. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे मेली. ती कशाने मेली? मिथेनॉलने; कारखान्यात लागणाऱ्या रसायनाने. मोहाच्या फुलाने नव्हे. काळा गूळ, नवसागर, कारखान्यातून वळवलेले स्पिरिट, ही सगळी चोरट्या धंद्याची देणगी आहे. जिथे माल लपवावा लागतो तिथे तो झटपट करावा लागतो, आणि झटपट करायला विष लागते. तपासून विकायला परवानगी द्या. विष आपोआप मागे सरेल. दुधाची तपासणी गावोगावच्या डेअरीत सकाळ-संध्याकाळ होते, मग याची का होऊ नये?

*

एवढे वाचून आमचे भोपाळचे स्नेही म्हणतील, "मास्तर, आपण जुन्या काळात आहात. सरकारने मोहाला कधीच हेरिटेज केले आहे." होय. नोव्हेंबर २०२१ मध्ये मंडल्याला तशी घोषणा झाली. आदिवासी बचत गटांना परवाने देण्याचे ठरले, अलीराजपूरच्या कठ्ठीवाड्याची आणि दिंडोरीची अशा मोहाच्या बाटल्या निघाल्या, छान लेबले लागली. मी त्याची टिंगल करणार नाही. आदिवासी बायकांच्या गटाच्या नावाने परवाना निघणे ही या देशात लहान गोष्ट नाही. पण एका जिल्ह्यात एका गटाला तांब्याची भट्टी आणि मान, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या आठवडी बाजारात त्याच फुलाला लाथ, हे कसले हेरिटेज? पर्यटकाच्या टेबलावर आली की परंपरा, बाजारात राहिली की गुन्हा! वारसा बाटलीत जातो, वारस गटाराकाठी राहतो.

कोशूपासून शिकायचे असेल तर लेबल शिकू नका. ते पोराटोरांनाही जमते. शिकायचे ते हे, की माल ज्याचा, नाव त्याचे आणि पैसा त्याचा. यामानाशीत वेल, भट्टी आणि बाटली एकाच घराण्याच्या हातात असू शकते. आमच्याकडे फूल वेचणारी एक, तोलणारा व्यापारी दुसरा, गाळणारा तिसरा, ठेका चौथ्याचा आणि दंड मात्र पहिलीला. २०२० मध्ये मध्य प्रदेशात वाळलेल्या मोहफुलाचा आधारभाव किलोला ३५ रुपये झाला, चांगले झाले. पण जोवर त्या फुलाचे पुढे काय करायचे हे ठरवायचा हक्क वेचणारीला नाही, तोवर ती मजूरच.

आणि त्यासाठी नवा कायदासुद्धा नको. १९९६चा पेसा कायदा आहे. अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांची विक्री आणि सेवन बंद करणे, नियमात बसवणे किंवा मर्यादित करणे हा अधिकार, आणि गौण वनोपजाची मालकी, या दोन्ही गोष्टी त्यात ग्रामसभेला देण्याविषयी स्पष्ट लिहिले आहे. मध्य प्रदेशाने १५ नोव्हेंबर २०२२ रोजी त्याचे नियमही लागू केले. नालछा अनुसूचित क्षेत्रात आहे. तर मग ग्रामसभेला विचारा! ज्या गावच्या बाया म्हणतील 'नको', तिथे थेंबही विकला जाऊ नये, आणि मग ठेकेदाराचे परवान्याचे दुकानसुद्धा त्याच दिवशी बंद व्हावे. ज्या गावच्या बाया म्हणतील 'हवे', तिथे ठरलेल्या मापात, तपासून, गावाच्या नावाने, बाजारात उघड बसून विकण्याचा परवाना त्यांच्या हातात द्यावा. बाटली नको, मडके चालेल. जीप तपासायला येवो, फोडायला नको. एवढीच मागणी आहे. यात क्रांती नाही. यात फक्त ज्याचे त्याला परत करणे आहे.

राहिले आपण. वाचकहो, या दिवाळीत तुमच्याकडे पुण्याचा, बंगळूरचा, तोक्योचा पुतण्या येईल. तो एखादी बाटली आणील आणि तुम्ही, मी घेतला तसा, घोट घ्याल. जरूर घ्या, मी कोण नको म्हणणारा? पण त्या वेळी 'हे लोक पितात म्हणून मागे राहिले' हे वाक्य तोंडात आणू नका. निदान त्या पेल्यासकट आणू नका.

मी काय करणार, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर हा लेख म्हणजे आणखी एक प्रभातफेरी. होळीनंतर नालछ्याला गेलो होतो. ती बाई भेटली. तिच्यावर खटला झाला आहे. जामीन एका दुकानदाराने व्याजाने दिलेल्या पैशांवर झाला. पुढच्या तारखेला मी तिच्याबरोबर कोर्टात उभा राहीन, आणि त्या दिवशी गटारात काय ओतले, किती ओतले, मडकी कुणी फोडली, हे डोळ्यांनी पाहिले तसे सांगेन, असे तिला सांगितले. तिला फारसे खरे वाटले नाही. तिचा दोष नाही.

उठताना तिने घरातून पेला आणला. मी म्हटले, मला साखरेचा आजार आहे. ती हसली. पेल्यातली धार तिने आधी जमिनीवर सोडली, आणि उरलेला पेला माझ्यासमोर ठेवून आत निघून गेली.